पाण्यातलं पळणं

विरकर सरांनी माझ्या नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला. मी एवढ्या जोरात ओरडले की ग्राउंडच्या कडेला बांधलेली शिपायाची शेळी धडपडून उभी राहिली.

"इथंच?" सरांनी विचारलं.

"इथंच. आता परत दाबलं तर मी शाळा सोडून जाईन सर."

सर हसले नाहीत. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्या शाळेत खेळ शिकवायला आले होते आणि हसायचं बहुतेक तिकडंच ठेवून आले होते. दहिवडीच्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे त्यांनी उन्हाकडं धरला. हाडाला केसाएवढी चीर गेली होती. मला काही ती दिसली नाही.

"मोडलं नाही," सर म्हणाले. "पण पळालीस तर मोडेल. जमिनीवर पळणं बंद."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि जिल्ह्याची क्रॉसकंट्री?"

सरांनी एक्स-रे पाकिटात सरकवला. ते बघून मला रडू फुटलं. मी दहावीत होते. दिवाळीनंतर महिन्याभरात साताऱ्याला जिल्ह्याची निवड व्हायची होती. पहिल्या सहांत आले तर राज्याच्या स्पर्धेला जाणार होते आणि पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिथंच राहणं, खाणं, कॉलेज. नाही आले तर दहावीनंतर घर, शेण आणि भाकरी. आमच्या माणदेशात माझ्यासारख्या पोरींपुढं त्या काळी याहून तिसरी वाट नव्हती.

"रडू नको वैजू," सर म्हणाले. "एक उपाय आहे. पाण्यात पळायचं."

मला वाटलं, माझं मन रमवायला काहीतरी सांगतायत.

"फौजेत पाहिलंय मी. पायाला मार लागलेली पोरं तलावात उभी पळायची. अंगाला पट्टा बांधायचा. पाय तळाला लागू द्यायचे नाहीत. हाडावर भार येत नाही, पण दम पुरा लागतो. पाणी रेटून रेटून मांड्यांत असा जोर येतो की चढावर कळतो."

"आपल्याकडं तलाव कुठाय सर?"

"तलाव कशाला? तुमची विही..." एवढं बोलून सरांनी जीभ चावली.

आमची विहीर सगळ्या गावाला माहीत होती. माझा धाकटा भाऊ दिगू तिच्यात बुडून गेला, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. मी तेव्हा शाळेत होते. घरी आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पोहायला शिकत होता, दम लागला, एवढंच मला सांगण्यात आलं. त्यानंतर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्यांची फेसाटी ओढून टाकली. मोटार तेवढी चालायची. माणूस कुणी आत उतरायचं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी विषय काढला. आई गोठ्यात धार काढत होती. तात्या कडुलिंबाखाली बसून घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानांतले धागे, वळत होते. हे त्यांचं रोजचंच. सगळा गाव नायलॉनच्या दोऱ्यांवर गेला, पण आमच्या घरात दावं, कासरा, चऱ्हाट, जे काही लागेल ते तात्या घायपाताचं स्वतः वळायचे. बांधावरचा घायपात कापायचा, कुजवायचा, बडवायचा, वाख काढायचा आणि मग वळत बसायचं. हातांची सालटी निघायची. लोक हसायचे. "सुंभ जळंल, पर ह्येचा पीळ जायचा न्हाय," असं चुलते तोंडावर म्हणायचे. नायलॉनची एकच दोरी आमच्या घरात होती. निळी. ती मधल्या घरात खुंटीला लटकलेली असायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. आठवीत असताना मी एकदा दोरीवरच्या उड्या मारायला ती घेतली तर तात्यांनी काही न बोलता माझ्या हातातून काढून परत खुंटीला लावली होती.

मी सरांचं म्हणणं सांगितलं. तात्यांचे हात थांबले.

"न्हाय," ते म्हणाले आणि परत वळायला लागले.

"पन तात्या, सर सवता काठावर उभं राहतील. दोर बांधून..."

"न्हाय म्हणलं न्हवं?"

गोठ्यातला धारेचा आवाज मध्येच थांबला आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः घरी आले. तात्यांनी त्यांना घोंगडी टाकली, चहा पाजला, मान दिला. सर बोलत राहिले, तात्या ऐकत राहिले. शेवटी हात जोडून म्हणाले, "सर, तुमी शाळंतलं बघा. हिरीचं मी बघतो."

सर उठून गेले. पण त्यांनी मला सोडलं नाही. जे जमिनीवर पाय न आपटता होईल ते सगळं त्यांनी माझ्याकडून करून घ्यायला सुरुवात केली. पोत्यावर उताणं पडून पाय उचलायचे. पोटावर पडून छाती उचलायची. शाळेमागच्या चिंचेच्या फांदीला लोंबकळून हनुवटी वर न्यायची. पोरं कुंपणाला टेकून बघायची आणि विचारायची, "वैजे, वानराच्या शर्यतीत नाव दिलंस काय गं?" मी म्हणायचे, "हो, तुझ्या घरचं कोण उतरतंय का बघाय आले." पण आतून मी खचले होते. पळणाऱ्या पोरीनं झाडाला लोंबकळून काय मिळवायचं?

"पळताना पाय दमतात हे खरं," सर सांगायचे. "पण आधी कंबर ढिली पडते. मग पाय वाकडे पडायला लागतात आणि हाडावर नको तिथं भार येतो. तुझ्या नडगीचं दुखणं पोटातून आलंय."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी त्यांचा शब्द मोडला नाही, एवढंच.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरात शिरता शिरता आईचा आवाज ऐकला. आई मोठ्यानं बोलायची नाही. त्या दिवशीही मोठ्यानं बोलत नव्हती.

"एक गेलं म्हणून दुसरीला दाव्याला बांधून ठेवायची का?"

तात्यांनी वाख झटकल्याचा आवाज आला.

"तुमच्यानं व्हत नसंल तर ऱ्हाऊ द्या. मी धरीन दोर."

"तुला प्येलायचा न्हाय."

"मग कुणाला प्येलंल ते बघा."

मी मागच्या पावली अंगणात आले आणि उगाच कोंबड्यांना हाकलत बसले.

त्यानंतर तात्या बोलेनासे झाले. शेतातून आले की वाख घेऊन बसायचे. या वेळी दोर नेहमीपेक्षा जाड होता आणि लांबच लांब. मला वाटलं, बैलांसाठी असेल. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"वैजे, जरा फिरकी धर."

दोराला पीळ घालायला एका टोकाला फिरकी फिरवणारं माणूस लागतं. मी दगडावर बसून फिरकी फिरवू लागले. पलीकडं तात्या मुठीतून दोर सोडत सोडत मागं सरकत होते. अंगणभर दोर ताठ झाला. मध्येच ते थांबले, माझ्याजवळ आले आणि दोराचं टोक माझ्या छातीभोवती, काखेखालून घेऊन मापून पाहिलं. मग परत जागेवर गेले.

"तात्या?"

"फिरव. पीळ सुटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा विहिरीच्या पायऱ्यांवरची फेसाटी बाजूला झाली होती. तात्यांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

परतीचा पाऊस त्या वर्षी बरा झाला होता. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं, हिरवं आणि गप्प. मला पोहता येत नव्हतं. आतापर्यंत मी सरांशी आणि घरच्यांशी पाण्यासाठी भांडत होते, पण पाणी समोर आल्यावर मी दोन पायऱ्या मागं सरले. दिगू याच पायऱ्यांवरून उतरला असेल, हे मी त्याआधी मनात येऊच दिलं नव्हतं.

तात्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा वाळलेला बिंडा माझ्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध ठेवला. घायपाताच्या दोरानं तो छातीशी बांधला. गाठ मारली, पाण्याचा हबका मारून भिजवली, थांबले, परत ओढून पाहिली. मग लांब दोराचं एक टोक त्या बांधणीत अडकवलं. दुसरं टोक त्यांनी हातात धरलं नाही. स्वतःच्या कमरेला बांधलं.

"तात्या, हातात धरला तरी चाललं की."

"उतर तू."

सर काठावर उभे होते. "छाती वर. गुडघा पुढं. हात पळताना हलवतेस तसेच. पोहू नको, पळ."

मी उतरले. पाय तळ शोधायला लागले आणि तळ कुठंच नव्हता. गटांगळी खाल्ली. नाकातोंडात पाणी गेलं. त्याच क्षणी दोर इतक्या जोरात ओढला गेला की मी पायरीवर आपटले. वर पाहिलं तर तात्या पांढरेफटक पडले होते.

"बास. झालं तेवढं," ते म्हणाले.

"न्हाय," मी म्हणाले. आमच्या घरातला न्हाय मलाही येत होता.

परत उतरले. या वेळी पळाले. हात हलवले, गुडघे उचलले. पाणी प्रत्येक पावलाला अडवत होतं. जिवाच्या आकांतानं पळायचं आणि जागच्या जागी राहायचं, असला प्रकार. थोड्याच वेळात छाती फुटायला आली. पण नडगी दुखली नाही. चढावर पळताना लागायची तशी धाप लागली होती आणि पाय दुखत नव्हता. मी पाण्यातच हसायला लागले.

"हसू नको, पळ," सर ओरडले. पण त्या दिवशी ते स्वतः हसले. मी पाहिलं.

मग रोजचंच झालं. सकाळी शाळेआधी विहीर. सर घड्याळ बघून सांगायचे, आता सावकाश, आता जोरात, आता मागं वाघ लागलाय असं पळ. थंडी वाढत गेली तसं पाणी अंगाला झोंबायला लागलं. ओठ काळेनिळे व्हायचे. आई वर चूल पेटवून पाणी तापवत बसायची, पण विहिरीच्या काठाशी कधी आली नाही. तात्या मात्र एक दिवस चुकले नाहीत. कमरेला दोर बांधून, पाय रोवून, ते पाण्याकडं बघत उभे राहायचे. माशी बसली तरी हाकलायचे नाहीत. सरांनी गप्पा काढल्या तर उत्तर द्यायचे, पण मान वळवायचे नाहीत. मला त्यांच्या त्या बघण्याचा थोडा राग यायचा. एवढा दोर बांधलाय, एवढा बिंडा बांधलाय, अजून किती भ्यायचं?

एके दिवशी सर तालुक्याला गेले होते. विहिरीवर आम्ही दोघंच. मी जोरात पळायला लागले होते तेवढ्यात वरून आईची हाक आली.

"अवं! ढवळ्या सुटला! जुंधळ्यात शिरला!"

ज्वारी ऐन पोटऱ्यात आली होती. पीक डोळ्यांत भरेल असं. पंचक्रोशीत त्या वर्षी तेवढी ज्वारी कुणाची नव्हती आणि तात्या रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून ती बघायचे. माझ्या मनात आलं, आता दोर सोडून धावतील.

ते हलले नाहीत.

"अवं, ऐकू येतंय का?"

"खाऊ दे," तात्या म्हणाले. आवाज वरपर्यंत गेला नसणार. ते पाण्याकडंच बघत होते.

"तात्या, मी बसते पायरीवर. तुमी जावा," मी म्हणाले.

"पळ."

"सगळं खाईल तो."

"खाऊ दे म्हणलं न्हवं? तू पळ."

मी पळाले. सर नव्हते, घड्याळ नव्हतं, म्हणून दम संपेपर्यंत पळाले. वर आई एकटीच ओरडत बैल हाकलत होती. मी वर आले, पायरीवर बसले, तेव्हा तात्यांनी माझ्या छातीवरची गाठ सोडायला घेतली. भिजलेला घायपात असा आवळला होता की नखं लागत नव्हती. गाठीकडं बघतच ते बोलायला लागले.

"त्या दिवशी बी बैलच सुटला हुता."

गाठ नीट दिसावी म्हणून मी हात बाजूला घेतले.

"नवी दोरी हुती. म्हसवडच्या जत्रंतनं आणल्याली. निळीशार, गुळगुळीत. तुझ्या आईला म्हणलं, ही काय जन्मात तुटायची न्हाय. आन तुटली न्हाईच." गाठीचा एक पदर सुटला. "भोपळा बांधला दिग्याच्या पाठीला. गाठ हीच. आमच्या बापानं शिकवल्याली. घायपाताला ही गाठ भिजली की आवळती. माणूस मरंल, पर गाठ सुटत न्हाय. नायलॉन भिजलं की निसटतं, ह्ये मला ठावं नव्हतं. कुणालाच ठावं नव्हतं तवा."

"तात्या, ऱ्हाऊ द्या."

"गाठ ढिली पडली. भोपळा पाठीवरनं सरकत कमरंला आला. कमरंला आला की मानूस उपडं हुतं. कंबर वर, तोंड खाली. मी बैल हाणून माघारी आलो. बघितलं, तर भोपळा वर दिसतोय. हालत न्हाय, काय न्हाय. मला वाटलं, पोरगं पवतंय. निवांत पवतंय." त्यांचे हात थांबले. "काठावर हुभा ऱ्हाऊन मी त्याला शाबास म्हणलो, वैजे."

मला रडू आवरलं नाही. मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता, मी पाण्यातून आले होते तरी माझ्यापेक्षा थंड. इतके दिवस मी त्यांच्या बघण्यावर चिडत होते.

"आईला ठावं हाय?"

"त्याच दिवशी सांगितलं. काय बोलली न्हाय ती. आजपातूर न्हाय." त्यांनी गाठ सोडवली, दोर गुंडाळला. "दोरी म्याच लावली खुंटीला. रोज दिसाय पायजे म्हणून."

ज्वारीचा एक कोपरा सपाट झाला होता.

शर्यतीच्या थोडे दिवस आधी सरांनी मला जमिनीवर उतरवलं. आधी गवतावर, मग मऊ वाटेवर. नडगी गप्प होती. साताऱ्याला जायच्या दिवशी तात्या नवी टोपी घालून तयार झाले. माझ्या शर्यतीला ते याआधी कधीच आले नव्हते. एसटीत बसल्यावर त्यांची पिशवी माझ्या पायाला लागली. आत घायपाताचा दोर.

"तात्या, तिथं हीर न्हाय."

"असू दे."

शर्यत टेकडीच्या अंगानं होती. नांगरलेलं रान, मग ओढा, मग चढ. चढापर्यंत मी बरीच मागं होते. साताऱ्याच्या, कराडच्या पोरी बूट घालून टकाटक पुढं निघून गेल्या होत्या. चढ लागला आणि त्या एकेक करून वाकायला लागल्या. कंबर ढिली, पाय वाकडे. सर सांगायचे तसंच. माझी कंबर ताठ राहिली. पाय जमिनीवर पडत होते आणि जमीन मला अडवत नव्हती. पाण्यात इतके दिवस जागच्या जागी पळालेली मी, पाऊल टाकलं की पुढं जात होते. याचंच मला आश्चर्य वाटत राहिलं. एकीला मागं टाकलं, दुसरीला टाकलं. उतारावर सर हातवारे करत काहीतरी ओरडत होते, ते मला ऐकू आलं नाही. तात्या दोरीच्या कुंपणाशी उभे होते. मान न वळवता बघत.

मी पाचवी आले.

सरांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की ती शर्यतीपेक्षा जास्त दुखली. तात्या जवळ आले. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं आणि ओठ हलले. पण शब्द बाहेर पडला नाही. कोणता शब्द होता ते मला कळलं. मी म्हणाले, "चला तात्या, भूक लागलीया."

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही घरी पोचलो. आई अंगणात होती. मी निवड झाल्याचं सांगितलं तशी तिनं माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "काढ ती कापडं, मातीनं भरल्यात."

तेव्हा मला दिसलं. अंगणात कडुलिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत निळी दोरी बांधलेली होती. वाळत घालायची दोरी बांधतात तशी.

तात्यांनी पण पाहिलं. ते जागीच थांबले.

"वाळत घालाय जागा पुरत नव्हती," आई म्हणाली. त्यांच्याकडं न बघता.

तात्या मेढीपाशी गेले. पिशवी खाली ठेवली. गाठीला बोट लावलं.

"गाठ कुणी मारली?"

"मी."

"निसटंल ही."

"मग नीट मारा की," आई म्हणाली.

त्यांनी गाठ सोडली. दोरी बराच वेळ नुसती हातात धरून उभे राहिले. आई भांडं घेऊन हौदाकडं गेली, पण पाणी न काढता तशीच उभी राहिली. मग तात्यांनी दोरी मेढीला गुंडाळली. एक वेढा घेतला, त्यावर दुसरा, मग गाठ, त्या गाठीवर परत गाठ. पाय रोवून, सगळं अंग मागं टाकून ओढून पाहिली.

"नायलॉनला येक वेढा जास्ती लागतो," ते म्हणाले.

आईनं माझा बनियन हौदावर धुतला, पिळला आणि आणून त्या दोरीवर टाकला. दोरी जराशी खाली झुकली. गाठ जागची हलली नाही. तात्या तिच्याकडं बघत उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली आणि बैलांना वैरण टाकायला गेले.